नागोजीच्या पोरीची परीक्षा

बेळगावजवळच्या मच्छेत कुणालाही विचारा, नागोजीची पोरगी काय करते? उत्तर ठरलेलं. "कानाची डाक्टर हाय. पण अजून शिकालीया."

हे 'पण' आरोहीच्या आईला, मालुबाईला, कुसळासारखं टोचायचं. पोरगी अठ्ठावीस वर्षांची. बेळगावातल्या दवाखान्यात कान तपासायची चांगली नोकरी होती. ती सोडून बाईसाहेब म्हैसूरला पीएचडी करायला गेल्या.

"नोकरी सोडून परत शाळंत कोण जातंय गं?" मालुबाईनं विचारलं होतं.

"आई, ह्या शाळंत मलाच पगार मिळतोय. फेलोशिप म्हणत्यात तेला."

"शिकायला पगार?"

"व्हय."

"मग कायतरी घोळ हाय," मालुबाई म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

घोळ नव्हता, पण अट होती. फेलोशिपची पहिली दोन वर्षं संपत आली की कमिटीपुढं उभं राहायचं. केलेलं काम त्यांना पटलं तर पुढची तीन वर्षं मिळणार. नाही पटलं तर नमस्कार, आणि पुन्हा दवाखान्यात ऐकायच्या यंत्रांसाठी म्हाताऱ्यांच्या कानांचे साचे घेत बसायचं. आरोहीची कमिटी फेब्रुवारीच्या अठरा तारखेला होती.

तिचा विषय घरातनंच उगवलेला. बाप नागोजी, तिचा आप्पा, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत एकतीस वर्षं फेटलिंगला होता. म्हणजे ओतून आलेल्या लोखंडी जॉबच्या कडा, कुसळं ग्राइंडरवर धरून घासायची. तो आवाज असा की शेजारच्यानं बोंब मारली तरी समजायची नाही. कापसाचा बोळा कानात घालायचा, तोसुद्धा साहेब फिरायला आला तर. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला बाईंनी फळ्यावर गोंगाटानं बिघडलेल्या कानाचा आलेख काढला. जाड आवाज ऐकू येतात, बारीक आवाजांच्या जागी रेघ धपकन खाली जाते, विहिरीत पडल्यासारखी. आरोहीला तेव्हा आप्पाच आठवला होता. टीव्हीचा आवाज, जेवताना मोठ्यानं बोलणं, आणि फोन. आप्पा फोनवर कधी बोललाच नाही. म्हैसूरहून तिनं कितीदा फोन लावला, पलीकडनं एकच. "आईबर बोल," आणि फोन मालुबाईच्या हातात.

आणि तपासून घ्या म्हटलं की, "माझं कान खणखणीत हाईत. तुझ्या आईचं तपास, तिला माझं कायबी आयकू जात न्हाय."

तर आरोहीनं ठरवलं, फौंड्रीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या माणसांचे कान तपासायचे, आणि कान गेलेली ही माणसं चारचौघांत बोलणं कसं निभावून नेतात ते शोधायचं. तुलनेला त्याच वयाची, पण शांत कामातली माणसं हवीत. ती निपाणीत मिळाली. तिची वर्गातली मैत्रीण सोनल, तिच्या घरची तंबाखूची वखार. तिथले हमाल दिवसभर तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली गाठोडी, उचलतात, पण आवाज म्हणजे फक्त शिंका.

सुट्टीला गावी येताना आरोही तपासणीचं यंत्र मांडीवर घेऊन बसायची. लोंढा जंक्शनला गाडी थांबली की लोक खाली उतरून चहा प्यायचे, ही मात्र तान्ह्या पोराला सांभाळावं तसं यंत्र कवटाळून जागेवरच. तपासायला शांत जागा हवी, ती मच्छेत कुठं मिळायची? घरामागची भाताची खोली तिनं निवडली. चारी भिंतींना पोत्यांची थप्पी, त्यामुळं बाहेरचा ट्रॅक्टरसुद्धा आत कुजबुजल्यासारखा वाजे. तिच्या गाईड सौम्या मॅडमनी फोटो बघून विचारलं होतं, "हे ध्वनिरोधक साहित्य कुठल्या कंपनीचं?" आरोही म्हणाली, "आमच्याच शेतातलं, मॅडम."

तपासणीची रीत साधी. माणसाला आडवं बसवायचं, म्हणजे आपल्याकडं त्याचं तोंड नको, एक बाजू पाहिजे. त्याच्या कानाला हेडफोन. आपले हात दिसू नयेत म्हणून यंत्राभोवती पुठ्ठा. बारीक टूँ वाजवायचं, त्याला ऐकू आलं तर त्यानं बोट वर करायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा. जिथं बोट थांबलं, तिथं कान थांबला.

फौंड्रीतली माणसं आली. आप्पाचा दोस्त भरमू भट्टीवरचा, अजून नोकरीत. परशराम, रवळू, आणखी कितीतरी. येताना कुणी पेरू आणले, कुणी शेंगा. पोरीची परीक्षा म्हणून एकदोघं इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीत असे ताठ बसत की फोटो काढायचा आहे. बोटं कशी पटापट वर जायची!

फौंड्रीतली त्रेचाळीस माणसं झाली. म्हैसूरला बसून तिनं निपाणीचा आलेख आणि उद्यमबागेचा आलेख एकावर एक ठेवले. दोन्ही जवळजवळ सारखे. तीस वर्षं ग्राइंडरवर काढलेला कान आणि तीस वर्षं वखारीत काढलेला कान, फरक बोटभर.

सौम्या मॅडमचा प्रत्येक फोन "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का, इथनंच सुरू व्हायचा. त्या दिवशी तेही विसरल्या. अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी अशा त्यांच्या बोलण्याचा अर्थ एवढाच होता: "आरोही, फौंड्रीतले हे कान फार चांगले आहेत. इतकं चांगलं असत नाही. एकदा बघून ये."

म्हणून जानेवारीच्या शेवटी ती परत मच्छेला आली. यंत्र बघितलं, तारा बघितल्या, स्वतःचे कान तपासले. सगळं नीट. आता राहिला होता एकच माणूस, जो दोन वर्षं टाळत होता.

"आप्पा, बसा आज."

आणि काय नवल, आप्पा बसला! मुकाट्यानं टोपी काढली, हेडफोन घातला. बोट वर, बोट वर, बोट वर. अगदी बारीक आवाजालासुद्धा. त्याचा कागद पूर्ण झाला तेव्हा आरोहीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचे कान शाबूत आहेत म्हणून आनंदाचं, आणि मग आपला अभ्यासच खोटा म्हणून दुसरं. दोन्ही एकाच डोळ्यातनं.

अर्धा तास झाला नसेल. नागोजी परड्यात पाठमोरा बसून खुरप्याला मूठ बसवत होता. मालुबाई चहा घेऊन दारात आली. तिनं खाली वाकून एक बारका खडा उचलला आणि नेम धरून नवऱ्याच्या पाठीत मारला. नागोजी वळला, हसला, कप घेतला.

हे आरोहीनं जन्मभर बघितलं होतं. आईचा स्वभावच तसा, तिला वाटायचं. आज पहिल्यांदा तिच्या तोंडातनं निघालं, "आई, खडा काय मारतीस गं? हाक मार की."

"हाकंला कवा वळलाय त्यो?" मालुबाई म्हणाली. "धा-बारा वर्सं झाली खडंच मारालोय मी."

आरोही जागची हलली नाही. आप्पाची पाठ पुन्हा तिच्याकडं झाली होती.

"आप्पा."

खुरप्यावर ठोका पडत राहिला.

"आप्पा!"

परड्यातला कुत्रा उठून उभा राहिला. आप्पा नाही.

ती पुढं जाऊन त्याच्यासमोर बसली. "आप्पा, मघाशी यवढा बारीक आवाज कसा आयकलासा?"

नागोजी तिच्या ओठांकडं बघत होता. ते ओठांकडं बघणं तिला आज दिसलं. "तू म्हणालीस, आवाज आला की बोट वर कर. मला कळालं, मी केलं."

"कशानं कळालं?"

त्यानं खुरपं खाली ठेवलं. "तुझा उजवा खांदा. बटण दाबतानं तांदळाएवढा खाली येतोय."

पुठ्ठ्याआड हात झाकले होते. माणसाला आडवं बसवलं होतं. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं फेटलिंगचं खातं बघितलं नसावं. तिथं माणूस समोर जॉबवर नजर ठेवतो, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातनं क्रेनचा आकडा, वितळलेल्या लोखंडाची कढई, मुकादमाचं बोट, शेजाऱ्याची मान, सगळं वाचतो. जो वाचत नाही तो चार दिवसांत भाजतो. असल्या माणसाला पोरीचा खांदा म्हणजे बाराखडी.

"बाकीच्यांनी पण?"

"आता सगळ्यांचं मी कसं सांगू?" नागोजी म्हशीकडं बघत म्हणाला. आरोहीनं त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"आप्पा."

"मीच सांगिटलो त्यास्नी. पैल्या दिवशी परशराम बसला तवा दारातनं बघितलो मी. मग रातपाळी, दिवसपाळी, सगळ्यास्नी सांगिटलो. पोरीची परीक्षा हाय, तिचं नाक कापू नका. खांद्यावर ध्यान ठेवा." आणि मग जरा गर्वानं, "कोण न्हाय नापास झालं न्हवं?"

आरोहीनं कपाळाला हात लावला. "आप्पा, तुमचं कान किती गेल्यात ते शोधायचं, ह्योच माझा अभ्यास. तुम्ही नापास झालासा तर मी पास होतो!" म्हैसूरला ती कशीही बोलो, घरात पाऊल टाकलं की बेळगावकडच्या सगळ्या बायापोरींसारखी 'मी आलो, मी करतो'वर यायची.

"मग आदी सांगायचं न्हाईस?"

"दोन वर्सं सांगालोय की!"

"सांगिटली असशील," नागोजी म्हणाला. "मला कुटं आयकू येतंय?"

मालुबाई चुलीपुढनं इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसता हसता पदर डोळ्याला गेला तो तिथंच राहिला. बारा वर्षांत ते वाक्य नवऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा बाहेर पडलं होतं.

संध्याकाळी आरोही पोत्याला टेकून लॅपटॉप उघडून बसली. कमिटीला एकोणीस दिवस. त्रेचाळीस माणसांचे त्रेचाळीस कागद, सगळे गोड, सगळे खोटे. आणि हे कुणाला कळणार होतं? फरक दिसला नाही असं लिहून मोकळं व्हायचं. कितीतरी अभ्यासांत फरक दिसत नाही. फेलोशिप राहील, मॅडमही मान डोलावतील. भरमू, परशराम, रवळू खडे खात जगतील. तसे जगतच होते.

दाराशी आप्पा उभा होता. त्याला वाटलं तिनं बघितलं नाही. तो तिच्या तोंडाकडं नाही, खांद्याकडंच बघत होता.

तिनं मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग मॅडम विचारत्या झाल्या, "ऊटा आयता?"

"नाही मॅडम. सगळा डेटा गेला."

"गेला नाही, अर्धा हातात आलाय. ते न ऐकता किती ओळखतात, हे तुझ्याकडं आलंय. ते असं कुणी मोजलेलं मी तरी बघितलेलं नाही. आता खरंच किती ऐकतात ते आण. खुर्ची फिरव. आणि जेव आधी."

आरोही जेवली. लई दिवसांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवसापासनं नागोजीची मोटरसायकल निघाली. मागं पोरगी. पाळी सुटायच्या वेळी उद्यमबागेच्या फाटकावर, सुट्टीच्या दिवशी एकेकाच्या दारात. नागोजी एकच पाठ करून गेला होता: "मागं मी चुकीचं सांगिटलतो. आता खरं नापास व्हायचंय."

आठ-दहा जण हसत हसत आले. भरमू अडला.

"कागुद कंपनीत गेला तर? अजून चार वर्सं हाईत माझी. भैरा म्हणून भायेर काडतील."

"कागदावर नावच न्हाय, भरमूकाका. हे बघा. तुमचा नंबर सतरा. नाव फक्त माझ्या वहीत, आणि वही माझ्या कुलपात."

"नंबर शर्यतीच्या बैलाला देत्यात," भरमू गुरगुरला, पण चप्पल घातली.

भाताच्या खोलीत नवंच निघालं. खुर्ची आता भिंतीकडं तोंड करून, पुढं नुसती पोती. माणूस बसला की दोन मिनिटांत मान मागं वळायचीच. परशरामची वळली, रवळूची वळली, भरमू तर बसायलाच तयार नाही. भट्टी चालू असताना पाठ करायची नाही, हे त्या लोकांच्या हाडात मुरलेलं. पाठीमागनं कढई येत असते. आरोही समजावून थकली. इथं कढई नाही, इथं भात आहे. पटायचं सगळ्यांना, पण मानेला पटायचं नाही.

नागोजी उंबऱ्यावर बसून बघत होता. तो उठला, आत आला आणि भरमूच्या खांद्यावर पंजा ठेवला. भट्टीचं तोंड उघडायला कुणी वाकला की दुसऱ्यानं मागं उभं राहून त्याची पाठ राखायची, ही फौंड्रीतली रीत. तोंडानं सांगून काय उपयोग? तिथं आवाजात कोण ऐकतो? खांद्यावर एकदा पंजा दाबला की वाकणाऱ्यानं समजायचं, मागं माणूस आहे.

नागोजीनं पंजा दाबला, उचलला, आणि दाराशी जाऊन उभा राहिला. भरमूचे खांदे सैल पडले. तो पोत्यांकडं तोंड करून बसला, आणि मान काही वळली नाही.

आरोहीनं सुरुवात केली. जाड आवाजाला बोट वर गेलं. मग बारीक आवाज. बोट मांडीवर. आणखी मोठा. बोट मांडीवरच. आणखी मोठा.

"चालू कर की गं," भरमू म्हणाला.

आरोही पुढं येऊन त्याच्यासमोर उकिडवी बसली. "चालू हाय, भरमूकाका. मघापासनं चालूच हाय."

भरमूनं हेडफोन काढून हातात धरला. उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "म्हंजे रातकिडं अजून हाईत?"

"हाईत की."

"मला वाटलं, औषधं मारून मारून मेली सगळी."

कुणी हसलं नाही. मग तोच हसला, आणि मग सगळेच.

नागोजी पंधरा दिवस दाराशी उभा राहिला. त्रेचाळिसातले एकेचाळीस झाले. एक गोव्याला पोरीकडं गेला होता, आणि एक शेवटपर्यंत म्हणाला, माझे कान खणखणीत आहेत. त्याला नागोजी म्हणाला, "आसू दे. मीबी आसंच म्हणत होतो."

शेवटी नागोजी स्वतः बसला. त्याची पाठ मालुबाईनं राखली. त्याची रेघ सगळ्यांत खोल विहिरीत गेली. आरोहीनं जुन्या दवाखान्यातनं महिन्याच्या बोलीवर ऐकायचं यंत्र आणलं आणि त्याच्या उजव्या कानामागं बसवलं. पहिला दिवस तक्रारीतच गेला. भांडी वाजतात, पत्रा वाजतो, चप्पल वाजते. दुपारी तो मालुबाईला म्हणाला, "तुझ्या बांगड्या वाजत्यात गं."

"लगीन झाल्यापासनं वाजत्यात," मालुबाई म्हणाली. संध्याकाळी मात्र ती विनाकारण चारदा त्याच्यासमोरनं गेली.

अठरा तारखेला म्हैसूरच्या एका थंडगार खोलीत पाच जणांची कमिटी बसली. आरोहीनं एकाच पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरची, जेव्हा माणसांना तिचा खांदा दिसत होता. खालची, जेव्हा दिसत नव्हता. दोन्हींच्या मधे ही एवढी दरी.

एक पिकल्या केसांचे सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे पहिली तपासणी तुमची चुकली."

"हो सर. चुकली."

"आणि तुम्ही ती लपवली नाहीत."

"लपवली असती तर ही मधली दरी दाखवता आली नसती, सर. ही माणसं तिथंच राहतात."

सरांनी चष्मा घातला आणि पडद्याकडं बराच वेळ बघितलं. "कळलं कसं तुम्हाला?"

"माझी आई वडलांना खडा मारते," आरोही बोलून गेली, आणि मग तिला तोंड कुठं लपवावं समजेना. सौम्या मॅडम खाली मान घालून हसत होत्या.

तिला बाहेर बसवलं. वीस मिनिटं. तिच्यासाठी ती वीस मिनिटं दोन वर्षांपेक्षा लांब होती. मग दार उघडलं, मॅडम बाहेर आल्या. "तीन वर्षं," म्हणाल्या. "पूर्ण. आणि पहिला पेपर या दरीवरच लिहायचा."

आरोही तिथल्या बाकावर बसली आणि तिनं घरी फोन लावला. मालुबाईनं उचलला.

"आई, मिळाली!"

"थांब," मालुबाई म्हणाली. काहीतरी खडखडलं, कुणीतरी कुणाला तरी काही दिलं. आई फोन कुणाला देते? आजवर फोन नेहमी उलटा फिरायचा.

"हालो," नागोजी म्हणाला.

आरोही बाकावरनं उठली. आप्पाचा आवाज फोनमधे असा लागतो, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं सवयीनं जीव खाऊन बोंब मारली, "आप्पाऽ! मिळाऽली! तीऽन वर्सं!" जिन्यातली चार माणसं थांबून बघायला लागली.

"आगं, वरडू नगंस," नागोजी म्हणाला. "आयकू येतंय."

मागं मालुबाईच्या बांगड्या वाजल्या, त्या आरोहीलाही ऐकू आल्या.

"आता सावकाश बोल," आप्पा म्हणाला. "पैल्यापासनं सांग."